आरशाच्या मधोमध

"लोर्ना, कुठे उलथलीस?"

लोर्ना कुठेही उलथली नव्हती. घरगाडीच्या मागे, ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात अगदी मधोमध, भर उन्हात दोन्ही हात हलवत उभी होती. अंगात भडक नारिंगी जॅकेट, तेही वेंडलनेच आणलेलं, बायको लांबून दिसावी म्हणून. आरशात माझं तोंड दिसलं की समज मला तू दिसतेस, हा नियमही त्याचाच. आणि नवऱ्याचं तोंड तर तिला चांगलं दिसत होतं, मिशीखालच्या पुटपुटणाऱ्या ओठांसकट.

तळावरच्या आपल्या जागेत गाडी मागे घ्यायची ही तिसरी खेप. पहिल्यांदा गाडी पाइनच्या झाडाला भिडता भिडता राहिली, दुसऱ्यांदा लाकडी बाकाचा कोपरा गेला. मॅकॉलच्या तळ्यात डुंबायला डोंगर चढून आलेली माणसं आता तळं सोडून यांच्याकडेच बघत बसली होती. शेजारच्या जागेतल्या दाढीवाल्याने तर खुर्ची वळवून घेतली आणि बिअरचा नवा कॅन उघडला. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

सकाळपासून या नवऱ्याने तिचं डोकं उठवलं होतं. बॉइझी शहर सोडल्यापासून रस्त्यावरची प्रत्येक पाटी हिने मोठ्याने वाचायची, का तर म्हणे तुला झोप लागू नये. नदीकाठच्या वळणांवर ओंडक्यांचा एक ट्रक पुढे आला, त्याच्या शेपटाला हा जो चिकटला तो वर पोचेपर्यंत. पुढे तरी घाल, नाहीतर मागे तरी राहा, असं सांगून तिचा घसा सुकला. पण ऐकेल तर शपथ. अलीकडे तर तिने काही बोलायला घेतलं की हा तोंडच भलतीकडे फिरवायचा.

आणि उद्या मुलगी, टेस, दोन्ही नातवंडं आठवडाभरासाठी आणून सोडणार होती. आजोबा त्यांना घरगाडीतून तळ्याभोवती हिंडवणार, असा बेत होता.

"येऊ दे, येऊ दे," लोर्ना ओरडली. "डावीकडे घे. डावीकडे. बास. अरे, बास म्हणतेय ना!"

गाडी मागच्या विजेच्या खांबाला खाडकन लागली.

आता मात्र हद्द झाली. लोर्नाने कमरेवर हात ठेवले, आरशातल्या नवऱ्याकडे रोखून पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत त्याला जीभ काढून दाखवली. दाढीवाला खो खो हसला.

वेंडल हसला नाही. असल्या गोष्टीची परतफेड केल्याशिवाय तो कधी राहायचा नाही, निदान हॉर्न तरी ठणाणा वाजवायचा. तो आरशात थेट तिच्याकडे बघत होता.

"अगं, आरशात ये ना जरा," तो म्हणाला. चिडून नाही, अजिजीने.

लोर्नाचे हात खाली आले. ती चालत खिडकीपाशी गेली.

"कधीपासून?"

त्याने स्टिअरिंग सोडलं नाही. "कडेकडेचं दिसतं," तो म्हणाला. "मधलं जातं. आणि आरसा केवढासा, तो सगळाच मधे जातो."

"आणि तो ट्रक?"

"त्याचे दिवे दोन टोकांना होते."

खाली नदी, वर हा, आणि शेजारी आपण पाट्या वाचत बसलेलो. तिला असा संताप आला की दाढीवाल्यासमोरच त्याची गचांडी धरावी.

"टेसला सांगू नकोस," वेंडल म्हणाला. "पोरं पाठवायची नाही ती."

"सांगणार. आजच सांगणार. पोरं येतील, तळ्यावर पायी जातील." तिने दार उघडलं. "उतर."

"तुला रिव्हर्स येत नाही."

"तुलाही येत नाही. उतर खाली."

तो उतरला. तिने अंगातलं जॅकेट काढून त्याच्या अंगात चढवलं. पोटावर काही ते मिटेना. मग वर चढून तिने सीट पुढे ओढली आणि आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला.

वेंडल नियमाप्रमाणे आरशात मधोमध उभा होता. हात बोलावत होते, तोंड मात्र पार शेजाऱ्याकडे फिरवलेलं. दाढीवाल्याला वाटलं आपल्याकडेच बघतोय, त्याने कॅन उंचावला.

लोर्ना त्या फिरवलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने रिव्हर्स टाकला.

"बघतोयस ना माझ्याकडे?" तिने खिडकीतून विचारलं.

"बघतोय," तो मान न वळवता म्हणाला. "येऊ दे."