दोन सह्यांचा रंग

आठ महिन्यांत पहिल्यांदाच दोघांनी एका शेडवर सही केली. तीही न बघता.

इंटिरिअरवाल्या काकांनी शेडकार्ड उजेडाकडे धरून दोन्ही सह्या पुन्हा तपासल्या. नवरा-बायकोची वेगवेगळी सही घेतल्याशिवाय भिंतीला ब्रश लावायचा नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम. एकाच्याच पसंतीने रंग दिला की दुसरा जन्मभर त्या भिंतीकडे बघून काकांचा उद्धार करतो. या नियमापायी इथे हॉलच्या भिंतीवर नमुन्याचे चौदा पट्टे ओढून झाले होते आणि सहीला एकही उतरला नव्हता.

बायकोने फिका पिवळा निवडला, तर नवरा म्हणाला, भिंतीला कावीळ झाल्यासारखी वाटेल. त्याने राखाडी काढला, सध्या सगळीकडे तोच चाललाय म्हणून. त्यावर ती म्हणाली, राखाडीच हवा तर फॅन पुसू नकोस, आपोआप येईल. खिडकीसमोर आरसा लावला की खोली दुप्पट दिसते, असं काकांनी सुचवून पाहिलं. तिने विचारलं, म्हणजे हा लोळत पडलेला मला दोनदा दिसणार? मधूनमधून नणंद फोनवरून मत द्यायची आणि मेव्हणा कुठल्या तरी परदेशी घरांचे फोटो पाठवायचा. काकांचे गुडघे चार मजले चढून झिजले. घसा बसला. या दोघांचं एकमत झालं की मी धंदा बंद करतो, असं ते घरी बायकोला सांगत, आणि ती म्हणे, म्हणजे मरेपर्यंत काम आहे म्हणायचं.

आणि आज एकमत झालं. क्रीम. पडदे दाखवले, चालतील म्हणाले. सोफ्याचं कापड, चालेल. कपाटाच्या मुठी, तुम्हीच ठरवा. काकांनी रंगाऱ्याला खाली पाठवलं, गाडीतून डबे आण म्हणून. मग वही उघडून शेवटचं विचारलं: बेडरूमच्या कपाटात हिचा भाग मोठा की याचा?

नवरा शर्टाचं बटण पिरगाळत म्हणाला की कपाटाचं राहू द्या. घर विकायचंय. ती बहिणीकडे राहायला जाणार, तो ऑफिसजवळ एखादी खोली बघतोय. शुक्रवारी लोक घर बघायला येणार आहेत. घेणाऱ्याला आवडेल असं काहीतरी मारून द्या.

ती भिंतीवरच्या स्विचकडे बघत होती. तिने यातल्या एकाही शब्दाला हरकत घेतली नाही. आठ महिन्यांत हेही पहिल्यांदाच घडत होतं.

काका प्लास्टिक घातलेल्या खुर्चीवर बसले. ते फार दमले होते. विकायच्या घराला क्रीम, हे या धंद्यात कालचं पोरही सांगेल. क्रीम कोणाला आवडत नाही आणि कोणाला खुपतही नाही. दोन दिवसांत हात झटकून मोकळं होता आलं असतं.

त्यांनी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून एक तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. जून वांग्याला गुलाबी तेल चोळून उन्हात ठेवावं तसा तो रंग होता. वर चमक होती, ती वेगळीच.

घेणारे लोक हल्ली हाच मागतात, काका सपाट आवाजात सांगू लागले. चारही भिंतींना द्यायचा. छतालासुद्धा. मध्येमध्ये सोनेरी ठिपके.

"हॉलला?" नवऱ्याने विचारलं.

स्वयंपाकघरालाही, काका म्हणाले.

तिने तुकडा चिमटीत धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा. काकांच्या तब्येतीची चौकशी केली. नवरा म्हणाला, असल्या रंगात बसून घास उतरेल का घशाखाली? ती म्हणाली, आणि कोपऱ्यात सकाळचं ऊन येतं, त्याचं काय होईल? नवऱ्याने लगेच री ओढली. तिथे ही सकाळी पेपर घेऊन बसते, त्या भिंतीला हात लावू देणार नाही. तोवर रंगारी दोन डबे घेऊन दारात आला आणि धापा टाकत तिथेच उभा राहिला.

काका जांभई आवरत म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही थोडेच राहणार आहात इथे?"

"राहायचं आम्हालाच आहे, काका," ती फाडकन म्हणाली.

मग तिलाच ते ऐकू आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिची चूक दुरुस्त करील, म्हणून सगळे थांबले. रंगाऱ्यानेही डबे खाली ठेवले.

"तो पिवळा तसा इतका वाईट नव्हता," नवरा म्हणाला.

इतका म्हणजे किती, असं तिने विचारलं. तो म्हणाला, सकाळी बरा दिसतो, दिव्यात नाही. ती म्हणाली, दिव्यात तू तरी कुठे दिसतोस. भिंत अशी चट्ट्यापट्ट्यांची असताना शुक्रवारी लोकांना दाखवणार काय, तेव्हा त्यांना पुढे ढकलायचं ठरलं. काकांनाही आम्ही कळवू म्हणून निरोप मिळाला. चहाचं कोणी विचारलं नाही.

रंगारी भरलेले डबे घेऊन परत जिना उतरू लागला. दुसऱ्या मजल्यावर त्याला राहवलं नाही. काका, ते हो म्हणाले असते तर तो वांगी रंग आणणार कुठून होतात? कंपनीने बंद करून नऊ वर्षं झाली.

काकांनी कठड्याला धरून श्वास घेतला.

"हे सहावं घर," ते म्हणाले. "अजून एकालाही द्यावा लागलेला नाही."