सहीपुरता नवरा

“विमा माझ्या नोकरीचा, दर वेळी सहीला यायचं मीच, आणि आत उद्धार मात्र माझाच!”

बाहेरच्या बाकावरचं नवऱ्याचं पुटपुटणं पातळ दारातून आत आलं. ती कसनुशी हसली. समुपदेशक ताईंनी उठून पंखा मोठा केला, म्हणजे आतलं तरी बाहेर जायला नको.

ताईंनी फी विम्यातून घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ती येत होती. पहिल्यांदा आली तेव्हा दार वाजलं तरी दचकायची. आता ताठ बसून डोळ्याला डोळा भिडवून बोलायची. मावसबहिणीने तिच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती, शिवणाचं कामही ठरलं होतं. पण घर सोडायचं नाव काढलं की हिची कारणं तयार. आधी धाकटीची परीक्षा, मग सासूचा मोतीबिंदू, आणि आज म्हणे शिलाई मशीनचा पट्टा तुटलाय.

“अगं, सगळं जुळून आलंय. अजून त्याचीच भीती वाटते का?” ताईंनी न राहवून विचारलं.

“छे! ती तर तुम्ही केव्हाच घालवलीत.”

ती टेबलावरच्या नवऱ्याच्या विमा कार्डाकडे बघत राहिली. ताईंनी मात्र तिकडे बघायचं टाळलं. गेले कित्येक आठवडे त्या ते टाळतच होत्या.

 

“त्याला सोडलं की विमा जातो, ताई. आणि विमा गेला की तुम्हीही.”