फिरलेली पाच मतं

"बाहेरून कडी घाल," साहेबांनी धाकट्या भावाला सांगितलं. "मी हाक मारल्याशिवाय उघडायचं नाही."

कडी पडल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला. त्यांचा फोन साहेबांच्या खिशात होता. खोलीला एकच खिडकी, तीही जुन्या प्रचारफलकांनी झाकलेली. प्रत्येक फलकावर साहेब हात जोडून हसत होते. समोर बसलेले साहेब मात्र हसत नव्हते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर प्रभागाची मतदार यादी सांभाळत. कोण आपला, कोण त्यांचा, कोण कुंपणावर, सगळ्या खुणा त्यांच्या हातच्या. त्या यादीच्या जिवावर साहेब तीनदा निवडून आले. यादी त्यांनी स्वतः कधी उघडली नाही, ते मास्तरांचं काम. काल, चौथ्या निवडणुकीत, ते पडले. नऊ मतांनी.

"कोणी दगा दिला?" साहेबांनी विचारलं.

"लोक फिरतच असतात, साहेब. नळाच्या गल्लीतली साठ मतं यंदा तिकडे गेली. तुम्ही दोन निवडणुका पाइपलाइनचं नुसतं आश्वासन दिलंत. पण नव्या इमारतीतली साठ मतं मागच्या खेपेला तिकडे होती, त्यांना रस्ता मिळाला, ती आपल्याकडे आली. हिशेब फिटला."

"मग नऊ कुठून आली?"

"पाच माणसं फिरली. एक माणूस फिरला की आपलं एक कमी, त्यांचं एक जास्त. ती पाच जागेवर राहिली असती तर एका मतानं का होईना, तुम्ही आला असता."

हे बोलायला नको होतं. पण हिशेब अर्धवट सोडायची मास्तरांना सवय नव्हती, आणि त्या सवयीनंच त्यांचा घात केला.

"पाच," साहेब म्हणाले. "नावं सांगा आणि घरी जा."

मास्तरांना ती पाच माणसं मतदानाच्या दिवशी दुपारीच कळली होती. ती सांगायची नाहीत, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. आता त्यांना भीती वाटत होती आणि समोरच्या माणसाची कीवही येत होती.

साहेबांनी हाक मारली नव्हती, तरी कडी निघाली. साहेबांची बायको चहा घेऊन आत आली. "मास्तर, गुडघा कसा आहे?" तिने विचारलं आणि त्यांच्या पायाखाली छोटं स्टूल सरकवलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आई आणि धाकट्या जाऊबाई जेवायच्या थांबल्यात. लेकही आज घरी आहे. आज तरी सगळे एकत्र बसू या."

"इथे माझं घर जळतंय आणि तुम्हाला जेवणं सुचतायत!"

ती ट्रे उचलून गेली. पुन्हा कडी पडली.

"तुम्ही नाही सांगत ना? मग मी सांगतो," साहेब म्हणाले. "पहिला तो कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. काल त्या जिंकलेल्याचा सदरा इस्त्री करून दिला त्यानं."

"तुमचेही करतो की. तो इस्त्रीवाला आहे, साहेब. समोर आलेला कपडा इस्त्री करतो."

"नवीन लोक बसायला पंधरा दिवस आहेत. तोवर माझाच शब्द चालतो. उद्या सकाळी पालिकेची गाडी पाठवतो, त्याची टपरी उचलतील. बायको, तीन पोरं, सगळी येऊ देत रस्त्यावर."

साहेबांनी फोन काढला.

"तो नाही," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "मी शपथेवर सांगतो, तो नाही."

"मत गुप्त असतं. तुम्हाला काय माहीत?"

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. "मी केंद्राबाहेर टेबल टाकून बसतो. चिठ्ठ्या देतो. मत देऊन लोक माझ्यासमोरूनच जातात. ज्यानं आपल्याला दिलं, तो थांबून विचारतो, 'मास्तर, कसं चाललंय?' त्याला निकालाची धाकधूक असते. जो फिरला, तो निवडणुकीचं नावच काढत नाही. उगाच माझी तब्येत विचारतो. पंधरा वर्षांत हे कधी चुकलं नाही. इस्त्रीवाल्यानं त्या दिवशी मला चार वेळा विचारलं, कसं चाललंय म्हणून."

साहेब टेबलावर झुकले.

"म्हणजे पाचही जण तुम्हाला ठाऊक आहेत."

मास्तरांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"एक तर ते पाच, नाहीतर इस्त्रीवाला," साहेब म्हणाले आणि फोनवर नंबर लावू लागले. "ठरवा."

पलीकडे घंटी वाजू लागली. एकदा. दोनदा.

"थांबा," मास्तर म्हणाले.

त्यांनी कागद ओढला. नावं लिहायला हात धजेना, म्हणून यादीतले क्रमांक लिहिले. पाच आकडे. कागदाची घडी करून त्यांनी ती साहेबांपुढे ठेवली.

"इस्त्रीवाल्याला हात लावणार नाही, शब्द द्या."

"दिला. आणि या पाचांना मी या शहरात राहू देणार नाही, हाही दिला."

साहेबांनी फोन बंद केला, घडी उलगडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच टेबलावरची ती जाडजूड यादी स्वतःकडे ओढली. थुंकी लावून पानं उलटली.

दाराबाहेरून धाकट्या भावाचा आवाज आला, "मास्तर, गुडघा बरा आहे ना? शेकायला काही आणू का?"

मास्तरांनी स्टुलावरचा पाय खाली घेतला. ते खाली बघत होते.

साहेबांचं बोट पानावरून खाली सरकत चारशे अकरापाशी थांबलं. मग बारा, तेरा, चौदा, पंधरा. पाचही क्रमांक ओळीनं होते, एकाच घरातले, आणि त्यांच्या बरोबर वर, चारशे दहाला, साहेबांचं स्वतःचं नाव होतं.