पाचव्या वळणावरची मिठी

पाचव्या वळणावर धाकट्याचं जाकीट फुगलं. गाडी पडली नव्हती, घसरली नव्हती, नीट डगमगलीसुद्धा नव्हती. सूटच्या आतून फस्स असा आवाज झाला आणि मान, छाती, पाठ एका दमात आवळली गेली. कशीबशी गाडी सांभाळत तो परत आला आणि हेल्मेट काढून वहिनीसमोर उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, मागून कुणीतरी मिठी मारली."

वहिनी मोटारसायकल-शर्यतीच्या या टीमच्या एअरबॅग जाकिटांचं काम बघायची. या जाकिटाच्या पाठीत काड्यापेटीएवढा एक संगणक असतो. स्वाराचं अंग कसं हलतंय हे तो सारखा टिपत असतो. माणूस पडतोय असं दिसलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत गॅस सोडून जाकीट फुगवतो. पडणं कसं ओळखायचं, हे त्याला शिकवणं तिचं काम.

मागच्या वर्षी याच वळणावर तिचा नवरा, धाकट्याचा थोरला भाऊ, गेला. त्याचं जाकीट उघडलंच नाही. त्याने शेवटपर्यंत हँडल सोडलं नव्हतं, आणि गाडीला चिकटून बसलेला माणूस पडतोय, हे संगणकाच्या ध्यानात आलं नाही. ट्रॅकप्रमुखाने अहवालात लिहिलं, चालकाची चूक. तिने आठ महिने त्या जाकिटातल्या नोंदी उकलल्या. नवऱ्याची शेवटची दोन सेकंदं तिने नव्या जाकिटांना शिकवली. असं पुन्हा कुणी पडायला लागलं, तर वाट बघायची नाही.

आज सकाळच्या सरावात ती पहिल्यांदाच वापरली, आणि धाकट्यासह तिघांची जाकिटं उघडली. तिन्ही पाचव्या वळणावर. पडलं कुणीच नव्हतं.

दुपारपर्यंत टीममध्ये कुजबुज सुरू झाली. एकाने गुपचूप जुनं जाकीट चढवलं आणि कारण विचारल्यावर नजर चुकवली. दुसरा हसत म्हणाला, "दादांना मेल्यावरही गाडी सोडवत नाही वाटतं." हसला तो एकटाच.

तिने तिघांच्या नोंदी स्क्रीनवर घेतल्या आणि नवऱ्याची नोंद त्यांच्याखाली ठेवली. वळणावर आल्यावर एक बारीकसा हिसका, मग डावीकडे किंचित मुरड. चारही रेघा एकीवर एक बसल्या. जणू तिघांच्या अंगातून तोच पुन्हा पडायला लागला होता. तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तरी स्क्रीनवर टेकवलेला हात तिला काढवेना.

ट्रॅकप्रमुख दारातूनच बोलला. "दोन वाजता शर्यत आहे, मॅडम. जुनी जाकिटं घाला, नाहीतर टीम बाहेर. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका. वर्षभरात त्या वळणावरून हजार गाड्या गेल्या."

"हजार गेल्या," ती म्हणाली. "एक नाही गेली."

ती उठली आणि चालत वळणाकडे निघाली. धाकटा तिच्या मागे. ट्रॅकप्रमुखही घड्याळ बघत, पुटपुटत आला.

प्रेक्षकांच्या बैठका अजून रिकाम्या होत्या. झेंडे काठीला लोंबत होते. ऊन असं, की रस्त्यावरची हवा थरथरताना दिसत होती. वळणावर डांबर काळंभोर, गुळगुळीत; तडा नाही, खड्डा नाही. नोंदीतली जागा तिने पावलं मोजून काढली आणि बूट काढला. बाजूला पाय ठेवला तर चटका बसला. त्या जागेवर ठेवला, तर डांबर नुसतं कोमट होतं.

धाकट्यानेही हात टेकवून बघितला आणि झटकन मागे घेतला.

तिने गुडघे टेकून कान रस्त्याला लावला. आत कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. आत, बाहेर. मध्ये लांब थांबा.

"तू आहेस का रे?" ती अगदी हळू म्हणाली. कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. धाकट्याला तरी गेलंच.

मग तिने डोळे पुसले आणि ती उठून बसली.

"पहार आण."

"वहिनी, नको." धाकटा जागचा हलला नाही. "दादा असला तर?"

"पहार आण."

वळणाच्या कडेला कुंपणाचे खांब रोवायला आणलेली लोखंडी पहार पडली होती. त्याने ती उचलली. ट्रॅकप्रमुख आडवा आला. "ट्रॅकला हात लावाल तर..." पण पहिला घाव बसला आणि त्याचं वाक्य तिथंच राहिलं. रस्ता ढोलासारखा घुमला.

दुसरा घाव. तिसरा. चार बोटं जाडीचं डांबर फुटलं आणि ओल्या मातीचा गार वास वर आला. पहार धाकट्याच्या हातातून निसटली आणि सबंधच्या सबंध आत गेली. तिघंही वाकून ऐकत राहिले. मग खोलवर, वाहत्या पाण्यात, ती पडली.

पाणी किती वर्षं खालची माती नेत होतं कोण जाणे. वरून वेगात गाडी गेली, की हे पातळ कवच केसभर दबायचं आणि परत वर यायचं; नोंदींतला तोच तो हिसका. मागच्या वर्षी एकदा जरा जास्त दबलं होतं.

"दादा चुकला नव्हता," धाकटा म्हणाला. मग मान वर करून ट्रॅकप्रमुखाकडे बघत त्याने तेच पुन्हा म्हटलं.

ट्रॅकप्रमुख एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक. आणि ही पोकळी नेमकी कुठपर्यंत गेलीय हे कळेना, तसा तिसऱ्या पावलासाठी उचललेला पाय अधांतरी ठेवून जागच्या जागी थिजला.