चौथ्या डिशची नोंद

दूरच्या दीर्घिकेतून सुटलेला रेडिओ-झोत मी वेधशाळेच्या रेडिओ-डिशवर टिपला, आणि आमचे प्रमुख शास्त्रज्ञ डॉक्टर ब्रायसनी शोधनिबंधातून माझंच नाव गाळलं. म्हणाले, "नोएलीन, डिश फिरवणाऱ्यांची नावं छापत नसतात." वर्षभरानं काकाकुव्यांनी चौथ्या डिशची वायर कुरतडली आणि पडद्यावर दोन खोटे झोत उमटले. नियमाप्रमाणे मी नोंदवहीत लाल शाईनं लिहिलं: 'चौथी डिश बिघडली, निरीक्षण बाद.' वही न उघडताच डॉक्टरांनी तेच दोन झोत नवा शोध म्हणून उचलले. मी वही जपून ठेवली. आज सिडनीत, भरसभेत, ते आपले जुळे झोत मिरवत होते. कुणीतरी विचारलं, "तेव्हा सगळ्या डिश धड होत्या ना?" डॉक्टरांनी उत्तरासाठी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पिशवीतून वही काढली, लाल ओळ सावकाश वाचली. हशा पिकला. "सांगितलं का नाहीस?" डॉक्टर पुटपुटले. "लिहिलं होतं की. डॉक्टर, डिश फिरवणाऱ्यांचं लिहिलेलं कोण वाचतं?"