शुक्रवारचा बिघाड

बटण दाबलं की पंखा फिरायचा, कॉम्प्युटरच्या डब्यातून तीनदा टुंई-टुंई व्हायचं आणि पडदा काळाच्या काळा. संदेशनं पाचव्यांदा दाबलं. पाचव्यांदाही तेच.

"महिन्यातली चौथी खेप तुझी," खुर्चीत बसलेली फातिमाचाची म्हणाली. "आमचा जावयपण इतक्या वेळा येत नाय."

"जावयाला पाहुणचार असतो, चाची. मला नुसत्या शिव्या."

तो हसला खरा, पण बोलणं त्याला लागलं. मांडवीतले निम्मे कॉम्प्युटर त्याच्या हातचे. इथं काहीही बिघडलं की लोक समुद्राच्या खाऱ्या हवेला शिव्या घालून मोकळे होतात. पहिल्या खेपेला त्यानंही तेच केलं. मागची वायर ढिली होती, ती बसवली. आलोच आहोत तर म्हणून मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. चाची तेव्हा अगदी शेजारी येऊन बसली होती. टक करून काय वाजला, म्हणून तिनं विचारलं, तर त्यानं तिचं बोट धरून पट्टीचे दोन्ही खटके दाखवले. साखरेनं तिचा एक डोळा घालवला होता, दुसऱ्यात धुरळा.

दुसऱ्या खेपेला पुन्हा वायरच ढिली. तिसऱ्या खेपेला संदेशची सटकली. प्लास्टिकच्या पट्ट्यानं ती त्यानं अशी करकचून आवळली की बैलानं ओढली तरी निघू नये.

दर वेळी बिघाड शुक्रवारी, आणि चाचीच्या नवऱ्याचा, अयूबचाचांचा, फोन शनिवारी. शुक्रवार म्हणजे चाचीचा सण. तिचा मुलगा फुजैल आखातातल्या बंदरात क्रेनवर कामाला. शुक्रवारच्या सुट्टीत खोलीवरून तो व्हिडिओ कॉल लावायचा. मोबाईलमध्ये पोरगा अंगठ्याएवढा दिसतो, त्याचं नाक कुठं नि डोळे कुठं ते कळत नाही, म्हणून त्यानंच हा मोठा पडदा आईला घेऊन दिला होता.

आज मात्र संदेश न बोलावता शुक्रवारीच येऊन बसला होता. पोराचा चेहरा आज दाखवायचाच.

"घाई नको करू," चाची म्हणाली. "बुधवारी डोळ्याचा ऑपरेशन हाय. मग सगळा बघायचाच हाय." टेबलावर शेजारणींचे तीन डबे होते. "बघ, मोहल्ल्याला माझ्यापेक्षा माझ्या डोळ्याची काळजी. महिनाभर चूल पेटवू देत नाय मेल्या."

संदेशनं कॉम्प्युटरचा डबा उघडला. वायर जागच्या जागी होती. मेमरीची पट्टी मात्र अर्धी वर आलेली, दोन्ही खटके उघडे.

खारी हवा गंजवते. खटके उघडत नाही.

त्याच्या डोक्यात सणक गेली. अयूबचाचा पडवीत पाठ करून उभे होते. जन्मभर जहाजावर काढलेला आडदांड माणूस.

"चाचा, हे कुणीतरी मुद्दाम करतंय. घरात माणसं दोन. चाचीला दिसत नाही. तुम्हाला माझी चेष्टा करायची असेल तर तसं सांगा, पण त्या बाईला का छळता? महिनाभर पोरगा दिसला नाही तिला!"

"हळू बोल."

"का हळू?"

"फुजैल गेला, संदेश."

"कुठं?"

चाचांनी आभाळाकडे बोट केलं. संदेशला स्वतःच्या प्रश्नाची लाज वाटली.

"पंचवीस दिवस झाले. क्रेनवरनं पडला. मयत पाठवायला तयार नव्हते, तिथंच दफन केला. एक कागद पाठवलानी. कामगाराने सुरक्षेचा पट्टा लावला नव्हता, सबब चूक कामगाराची. पट्टा दिलाच नव्हता हरामखोरांनी. ते लिहायला कागदात जागा नव्हती."

"मग?"

"सही केली मी. नायतर आणखी आठ दिवस बर्फात ठेवला असता त्याला." चाचांनी नाक पुसलं. "हिला सांगितला नाय. ही ऑपरेशन कुणासाठी करतेय? पोराच्या तोंडाकडे बघायला. ते नाय म्हटल्यावर डोळा कशाला हवा हिला? आंधळी होऊन बसेल. म्हणून दर जुम्म्याला सकाळी मागची वायर ढिली करायचो."

संदेशचा राग कुठच्या कुठं गेला. आपण ती वायर तीनदा बसवली, आणि वर आपल्या कामाची फुशारकी मारली.

"आज मात्र तू बांधलीस ती माझ्यानं निघेचना," चाचा म्हणाले. "सकाळी घाम फुटला मला. आता कॉल लागला नाय, तर ही काय समजायचा ते समजेल. बटण दाबला, तर बंदच! अल्लाची मेहेरबानी. तू आता एकच कर. सांग तिला, मशीन मेला. बुधवारपर्यंत तरी."

संदेश आत आला. खोटं बोलायला त्यानं घसा साफ केला.

"चाची, मदरबोर्ड गेला. आता नाही व्हायचा."

"बरा झाला." चाचीनं पडवीकडे कान दिला आणि हातानं चाचपडत त्याचं मनगट धरलं. तिचा आवाज अगदी खाली आला. "सकाळपासून ती वायर ओढत होते बिचारे. निघेचना. म्हणून ते नमाजाच्या तयारीला गेल्यावर मी ती टक वाजणारी पट्टी काढली. चालू झाला असता, तर ह्यांना मला सांगावा लागला असता."