टायटॅनियमचा दात

तिसऱ्या दिवशी राख सावडताना निनादच्या बोटाला काहीतरी टोचलं. वडिलांच्या जबड्याच्या हाडाचा तुकडा होता आणि त्यात करड्या धातूचा बारीक स्क्रू रुतलेला होता.

"धातू काढून टाका," गुरुजी म्हणाले. "तो नदीत सोडायचा नाही. हाड मात्र मागे ठेवू नका."

निनादची आई कुमुदिनी नुसती बघत राहिली. नवरा, दिगंबरराव, गेल्यापासून ती रडली नव्हती. कोणी चहा दिला की पीत होती, बस म्हटलं की बसत होती.

स्क्रू मात्र तिने ओळखला. नवऱ्याच्या पडलेल्या दाताच्या जागी कृत्रिम दात बसवण्यासाठी तो जबड्यात घातला होता. तिला झिर्कोनियाचा, चिनीमातीसारखा पांढरा हवा होता, हिरडीतून काळसर छटा दिसू नये म्हणून. "दिसायला छान आहे, पण नवा आहे. किती वर्षं टिकेल ते आज सांगता येत नाही," दाताचे डॉक्टर म्हणाले होते. "टायटॅनियमचा अनुभव जुना आहे. हाड त्याला धरून वाढतं, मग तो सुटत नाही."

"मग तोच बसवा," दिगंबरराव म्हणाले होते. "हिच्या चकल्यांपुढे टिकायला हवा."

हाड धरेपर्यंत त्यांनी कित्येक महिने मऊ भात खाल्ला. शेवटी स्क्रूवर दात बसला आणि त्याच आठवड्यात ते गेले. चकल्या राहिल्याच.

निनादने स्क्रू पिळून पाहिला, दगडावर ठोकूनही पाहिला. "आई, निघत नाही गं."

"निघायचा नाही तो," ती म्हणाली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच बोलत होती. "म्हणून तर तोच घेतला."

गुरुजींनी अस्थींचं मडकं तिच्यापुढे धरलं. "स्क्रूसकटच ठेवा."